बैलांनी ओढत आणलेली जीप

जीप माझ्या गॅरेजसमोर येऊन थांबली तेव्हा तिचं इंजिन बंद होतं. तिला ओढत होती एक पांढरीशुभ्र बैलजोडी. शिंगांना कालचा रंग, गळ्यात घुंगरांच्या माळा. जीपच्या मागच्या भागात वांगी, ढेमसं आणि सांभाराच्या, म्हणजे कोथिंबिरीच्या, जुड्या भरलेल्या. स्टिअरिंगवर रोहणा गावचा देविदास, मान खाली घातलेली. आणि बैलांच्या पुढे कासरा धरून त्याचे वडील उकंडराव, मान वर.

आदल्या दिवशीच पोळा झाला होता. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी आमच्याकडे तान्हा पोळा असतो. लहान पोरं चाकं लावलेला लाकडी बैल, म्हणजे नंदी, दारोदार ओढत नेतात आणि खाऊला पैसे मागतात. त्या पैशांना बोजारा म्हणतात. समोरच्या पानठेल्यावरचा माणूस अशी संधी सोडणार नव्हता.

"काकाजी, एवढा मोठा नंदी आनला का? बोजारा किती देऊ?"

"हसा बाप्पा, हसा," उकंडराव म्हणाले. "कडबा खानाऱ्यानं पेट्रोल पेनारीले वढून आनलं. पाहून घ्या आज. पुन्हा पाहाले भेटनार नाई."

मग माझ्याकडे वळले. "इंजिनेर, तुमीच पास केलती ना हे? आता तुमीच नापास करा. मी तिले जामले धाडतो अन् माही जोडी घेऊन येतो."

देविदासनं माझ्याकडे नुसतं पाहिलं. त्या पाहण्यात सगळं होतं.

हे सगळं कळायला महिनाभर मागे जावं लागेल.

तेव्हा नुकतं ऐंशीचं दशक लागलं होतं. आमच्या घराण्यात कॉलेजची पायरी चढलेला मी पहिला. नागपूरहून बी.ई. मेकॅनिकल झालो आणि नोकरीच्या मागे न लागता पुलगावात गॅरेज टाकलं. पाटीवर नावाखाली डिग्री रंगवून घेतली, नावाइतक्याच मोठ्या अक्षरात. "एवढं शिकून हात काळे करून राह्यला," असं नातेवाईक म्हणायचे. म्हणोत. ती पाटी मी कधी लहान केली नाही.

त्या डिग्रीमुळे मला एक जास्तीचं काम मिळालं. जुनी गाडी घ्यायची असली की लोक मला सोबत न्यायचे. त्या काळी नव्या गाडीसाठी नंबर लावून वर्षानुवर्षं बसावं लागायचं. त्यामुळे आमच्या भागात जी गाडी यायची ती बहुतेक कोणाची तरी उतरलेलीच असायची. सरकारी लिलावातली, कंत्राटदाराची, नाहीतर डॉक्टरांची. डॉक्टरांची गाडी सगळ्यात चांगली. कंत्राटदाराच्या गाडीपासून चार हात दूर राहावं.

देविदासला जीप हवी होती भाजीसाठी. त्यांचं घर भाजीवाल्या शेतकऱ्यांचं. विहिरीवर मळा, वर्षभर काही ना काही निघायचंच. पण बंडीतून, म्हणजे बैलगाडीतून, माल पुलगावच्या बाजारात पोचेपर्यंत सांभार मान टाकायचा आणि चांगला भाव दुसरेच घेऊन जायचे. जीप असली तर सकाळी तोडलेला माल सकाळीच बाजारात. हिशोब साधा होता. वडिलांना तो कळत नव्हता असं नाही. पटत नव्हता.

जीप सापडली जाम गावात, हायवेच्या चौकात. तिथे जुन्या गाड्यांचा धंदा करणारा एक सेठ होता. त्याची शेतीही होती, म्हणून त्यानं सौदा असा घातला की एक बैलजोडी द्या आणि वरची थोडी रोकड द्या. उकंडरावांकडे दोन जोड्या होत्या, त्यातली गेल्या पोळ्यानंतर घेतलेली नवी जोडी द्यायची. देविदासनं हट्ट धरला, मायनं त्याची बाजू घेतली, आणि उकंडराव "पाहून तं घेऊ" एवढंच म्हणून आमच्याबरोबर जामला आले.

सेठ बोलण्यात पक्का. "साहब, इंजन में आवाज आया तो मेरा नाम बदल देना."

मी म्हटलं, "नाव राहू द्या. आधी बॉनेट उघडा."

जुनी गाडी पाहायला जाल तेव्हा पहिल्यांदा इंजिनावर हात ठेवा. गरम लागलं तर समजा, तुम्ही यायच्या आधी मालकानं गाडी चालू करून ठेवली आहे. थंड इंजिन जे खरं बोलतं ते गरम इंजिन बोलत नाही. हे इंजिन थंड होतं. दुसऱ्या दणक्यात सुरू झालं. मागून निळा धूर नाही. निळा धूर म्हणजे इंजिन ऑईल जळतंय आणि मोठा खर्च दारात उभा आहे. मग मी बोटाच्या पेरानं पत्रा ठोकून पाहिला. जिथे पत्रा असतो तिथे टणटण वाजतं, जिथे लांबी, म्हणजे पुट्टी, भरून रंग मारलेला असतो तिथे ठप्प वाजतं. दोन ठिकाणी ठप्प वाजलं. सेठ आकाशाकडे पाहू लागला. शेवटी चॅसी, स्टिअरिंगचा प्ले, म्हणजे ढिलेपणा, ब्रेक, क्लच. सगळं ठीक होतं.

इतका वेळ उकंडराव हात मागे बांधून उभे होते. मग जवळ आले.

"एक इचारू का? बैल वजन खांद्यावर घेते. हिचा खांदा कोनता?"

मला प्रश्न फार आवडला. कॉलेजात प्राध्यापकांनी इतका नेमका प्रश्न मला विचारला नव्हता. मी पायाजवळची लोखंडी प्लेट उघडली आणि इंजिन आणि गिअरबॉक्सच्या मधला घंटेच्या आकाराचा भाग दाखवला. "हा. याच्या आत क्लच आहे. इंजिनाचा सगळा जोर इथूनच चाकांकडे जातो. ओझं ओढताना ताण पडतो तो इथेच. या बाजूला भोक दिसतं ना, त्यातून क्लचचा दांडा आत गेला आहे."

उकंडराव वाकून बराच वेळ पाहत राहिले. "खांदा मजबूत हाये?"

"आहे."

सौदा झाला. जाताना त्यांनी सेठकडून एक वचन घेतलं आणि सेठनंही सगळ्यांसमोर दिलं. "देखो काका, महीने भर में गाडी का अपना कोई नुक्स निकला, तो गाडी मेरी, जोडी तुम्हारी. पर चलानेवाले की गलती नहीं चलेगी. फैसला साहब का."

म्हणजे निकाल माझ्याकडे. आणि तो महिना संपायला अजून चार-सहा दिवस बाकी होते, तेव्हा ही वरात माझ्या दारात आली.

"काय झालं ते नीट सांग," मी देविदासला विचारलं.

"सकाळी घरून निघालो तं मस्त चालत होती. मंग अर्ध्या रस्त्यात रेस देल्ली का इंजिन बोंबलते, अन् गाडी मात्र तशीच. नाल्याच्या चढावर तं मांगंच सरकाले लागली. मी खाली उतरून गोटा लावला. तेवढ्यात मांगून बाबा आले बंडी घेऊन."

"बाबा जीपमध्ये नव्हते?"

"ते कधी बसलेच नाई त्या जीपमंदी. घेतल्यापासून एकदाबी नाई. बाजाराले आपली बंडी घेऊन येते, आमच्या आधी निघते अन् वाटेत मांगं राहते."

उकंडरावांनी चढावरच बंडी सोडली होती, झाडाखाली उभी केली होती आणि बैल जीपला जुंपले होते. पुलगावातून येताना त्यांनी घाई अजिबात केली नसणार.

क्लच म्हणजे काय, ते थोडक्यात सांगतो. दोन ताटं एकमेकांवर घट्ट दाबून धरली आणि एक फिरवलं, तर दुसरंही फिरतं. पायानं पेडल दाबलं की ताटं वेगळी होतात, सोडलं की चिकटतात. पहिलं ताट इंजिनाचं, दुसरं चाकांचं. ताटांची पकड गेली की इंजिन एकटंच फिरत राहतं आणि गाडी जागची हलत नाही. यालाच आम्ही क्लच स्लिप होणं म्हणतो.

ते तपासायची रीत सोपी आहे. हँडब्रेक ओढा, टॉप गिअर टाका, रेस द्या आणि क्लच सोडा. इंजिन गचका खाऊन बंद पडलं पाहिजे. देविदासनं तसं केलं. इंजिन आरामात गुरगुरत राहिलं.

"घ्या!" उकंडराव म्हणाले. "खांदाच गेला. तुमी तं मजबूत म्हनला होता."

पेडलचा प्ले पाहिला, बरोबर होता. मग मी जीपखाली गेलो. बेल हाऊसिंगच्या, म्हणजे त्या घंटेच्या, तळाला एक बारीक भोक असतं. आत काही गळत असेल तर ते तिथून थेंब थेंब बाहेर यावं म्हणून. आणि तिथे मळकट थेंब लोंबत होता.

तिथे ऑईल दिसणं म्हणजे बहुतेक वेळा इंजिनाचं मागचं सील गेलेलं असतं. तसं असेल तर तो गाडीचाच दोष. सेठचं वचन लागू. जीप जामला, जोडी रोहण्याला आणि देविदास पुन्हा बंडीवर.

"काय दिसलं?" वरून देविदासचा आवाज.

"गळतंय."

"काय गळून राह्यलं?" हा आवाज उकंडरावांचा. मला वाटलं होतं ते खूश होतील. पण आवाज जरा दबका होता.

"उघडल्याशिवाय नाही सांगत."

गिअरबॉक्स उतरवणं म्हणजे अर्ध्या दिवसाचं काम. आधी मागचा शाफ्ट सोडायचा, मग माउंटिंग, मग ते धूड दोघांनी छातीवर तोलत खाली घ्यायचं. माझे मिस्त्री बाबूलाल आणि मी त्याला भिडलो. देविदासनं माल हातगाडीवर घालून बाजारात पाठवला. उकंडराव बैलांना पाणी दाखवायला गेले, परत आले, पुन्हा गेले. बैलांना त्या सकाळी इतकं पाणी विचारलं गेलं की तेही कंटाळले असतील.

गिअरबॉक्स खाली आला. प्रेशर प्लेट सोडली, क्लच प्लेट हातात घेतली. आणि मी तिच्याकडे पाहतच राहिलो.

इंजिन ऑईल काळं असतं. गिअर ऑईल घट्ट, त्याचा वास उग्र, नाक मुरडायला लावणारा. हे पिवळं होतं. हळदीसारखं पिवळं. बोटांत चोळून पाहिलं तर रवाळ लागलं. वास घेतला. पुन्हा घेतला. भूक लागली.

"बाबूलाल, इकडे या. हे काय आहे?"

बाबूलालनं वास घेतला आणि माझ्याकडे पाहिलं. "साहब, बोलने में शरम आ रही है."

"बोला."

"घी है. घर का. गरम रोटी मिले तो काम हो जाए."

मी बाहेर आलो. क्लच प्लेट देविदासच्या नाकाखाली धरली. त्यानं वास घेतला, डोळे मोठे केले आणि हळूहळू मान वळवून वडिलांकडे पाहिलं. उकंडराव बैलाच्या गळ्यातली घुंगरं मोजत असावेत तसे वाकले होते.

"बाबा?"

उकंडराव आणखी खाली वाकले.

"बाबा, खांद शेकनीच्या दिवशी तुमी मले दुकानातून सुपारी आनाले काऊन धाडलं होतं? घरी तं सुपारी होती."

आमच्याकडे पोळ्याच्या आदल्या दिवशी बैलांची खांद शेकतात. वर्षभर जू वाहून दुखलेल्या खांद्याला कोमट तूप आणि हळद लावून पळसाच्या पानानं चोळतात. मग बैलाच्या कानाशी जाऊन त्याला आमंत्रण देतात, आज आवतन घ्या, उद्या जेवाले या.

उकंडराव सरळ उभे राहिले. टोपी काढली, झटकली, पुन्हा घातली.

"मंग काय करू? चार बैल होते दावनीले. दोन गेले. दोघाइचा खांदा शेकला, अन् हे जीप बाजूले उभी. इंजिनेरनंच दाखवलं होतं खांदा कोनता ते. मले वाटलं, हेबी वढतेच नं! वजन तं घेते! तिनं काय पाप केलं? त्या भोकातून वाटीभर सोडलं."

"वाटीभर?" मी विचारलं.

"मोठी वाटी. हातच पुरत नवता आत, मंग थोडं जास्त सोडलं."

पानठेल्यावाला गिऱ्हाईक सोडून आमच्यात येऊन उभा होता. "काकाजी, आवतन देलं का तिले?"

"देलं," उकंडराव म्हणाले. "अर्धवट कशाले करू?"

मग जो हशा उठला तो आवरेना. बाबूलाल जीपच्या चाकाला टेकून खाली बसले. मी हसताना हातातली क्लच प्लेट पाडली. फक्त देविदास हसत नव्हता. तो वडिलांकडे एकटक पाहत होता, कारण त्याच्या डोक्यात काहीतरी जुळत होतं.

सकाळी गाडी नीट का चालली, तेही आता कळलं. पोळ्याला जीप दारातच उभी होती आणि पावसाळी हवेत तूप थिजलं होतं. वाटेत इंजिन तापलं, तूप वितळलं आणि फिरणाऱ्या ताटानं ते स्वतःच्याच अंगावर उडवून घेतलं. तुपानं माखलेली ताटं एकमेकांना काय धरणार? त्या दांड्याच्या भोकावर रबरी टोपी असते. ती फाटून कधीच पडली होती. असती तर वाटीही आत गेली नसती आणि ही गोष्टही झाली नसती.

मी गंभीर व्हायचा प्रयत्न केला. "काकाजी, निकाल ऐका. गाडीचा दोष नाही. सील ठीक आहे, इंजिन ठीक आहे. सेठ जोडी परत देणार नाही आणि मीही त्याला द्या म्हणणार नाही."

"म्हंजे जीप आता आमच्याच गळ्यात?" त्यांनी विचारलं खरं, पण त्यात सकाळचा जोर नव्हता. "नसन ठेवाची तं इकून टाकू. कोनी तरी घेईनच."

आता देविदास पुढे आला.

"बाबा, आपल्या घरी खांद शेकलेलं जनावर पुढच्या पोळ्यापर्यंत इकत नाई. कोनाचा नेम हाये हा?"

उकंडराव बैलाची पाठ चोळू लागले.

"आजाचा हाये, का नाई? मागच्या साली तो खोडील बैल इकाचा होता, गिऱ्हाईक दारात उभं होतं. तुमीच म्हनलं, खांदा शेकला, आता वर्षभर हा आपल्या घरचा. म्हनलं का नाई?"

"ते बैलाचं होतं."

"खांदा शेकला कोनं? आवतन देलं कोनं? मी देलं?"

उकंडरावांनी जीपकडे पाहिलं. पोटातला गिअरबॉक्स काढून घेतलेली, बॉनेट उघडं, बिचारी आ वासून उभी होती. मग बैलांकडे पाहिलं. मग माझ्याकडे.

"बरोबर बोलून राह्यला लेकाचा," ते म्हणाले. "इंजिनेर, जोडा तिले परत."

क्लच प्लेटवरचं अस्तर तुपात भिजलं की धुऊन भागत नाही. ते बदलावंच लागतं. बाबूलालनं जुनं अस्तर काढलं, नवं रिव्हेट मारून बसवलं. मी फ्लायव्हील, म्हणजे ते इंजिनाकडचं ताट, आणि प्रेशर प्लेट पेट्रोलनं इतक्या वेळा पुसली की तिच्यात तोंड पाहता आलं असतं. ट्रकच्या जुन्या ट्यूबचा तुकडा कापून त्या भोकावर टोपी बसवली, आणि ती तारेनं अशी आवळली की पुढे कोणाची भक्ती आत जाणार नाही. दुपार कलली तेव्हा जीप पुन्हा चाकांवर उभी होती. हँडब्रेक, टॉप गिअर, रेस, क्लच. इंजिन गचका खाऊन बंद पडलं. गाडी बंद पडल्याचा इतका आनंद मला पुन्हा झाला नाही.

"नाल्याच्या चढावर ट्रायल घेऊ," मी म्हटलं. "मी चालवतो. देविदास, बस."

"तो कायले?" उकंडराव म्हणाले. "बंडी चढावर उभी हाये. बैल कोन नेईन? देव्या, जाय, बैल घेऊन हो पुढं. बंडी जुंप अन् घरी येजो. मी बसतो इंजिनेरच्या बाजूले."

देविदासनं कासरा हातात घेतला आणि निघाला. त्याची गाडी, आणि बैल हाकत घरी तोच. पण चालण्यात असा काही डौल होता की पानठेल्यावाल्यालाही काही बोलायचं सुचलं नाही.

आम्ही थोड्या वेळानं निघालो. उकंडराव दोन्ही हातांनी समोरचा दांडा धरून बसले होते, जणू जीप पळून जाईल. नाल्याचा चढ आला. मी मुद्दाम गाडी अर्ध्यात थांबवली आणि उभ्या चढावर पुन्हा उचलली. क्लचनं जराही पकड सोडली नाही. वर बंडीजवळ देविदास बैल जुंपत होता. त्याच्या बाजूनं जाताना उकंडरावांनी माझ्याकडे न पाहता विचारलं, "याचा हारन कुठी असते?"

मी दाखवला. त्यांनी तो वाजवला. लांबलचक वाजवला. बैल दचकले आणि देविदास ओरडला, "बाबा, बैल बुजते ना!"

"बुजू दे. सवय होईन," उकंडराव म्हणाले आणि पुन्हा वाजवला.

पुढच्या वर्षी पोळ्याच्या दोन दिवस आधी ते स्वतः जीपमध्ये बसून गॅरेजात आले. सोबत तुपाची बरणी. "यंदा कुठी लावू ते आधीच सांगून द्या," म्हणाले. मी बरणी ठेवून घेतली. त्यांच्या हातात ग्रीसगन दिली आणि पाटे, म्हणजे चाकांवरच्या स्प्रिंगच्या पट्ट्या, त्यांना टांगणारे शॅकल, स्टिअरिंगचे जोड यांवरची बारीक बोंडं एकेक करून दाखवली, जिथून ग्रीस आत भरायचं असतं. त्यांनी एकही बोंड चुकवलं नाही. नंतर बॉनेटवर हळदीचं एक बोट ओढलं. त्याला मी हरकत घेतली नाही.

मी जन्मभर गाडीवाल्यांना ओरडत आलो की ग्रीसिंग वेळेवर करा. डॉक्टरांनी ऐकलं नाही, वकिलांनी ऐकलं नाही. आमच्या पुलगाव-आर्वी पट्ट्यात वर्षाच्या वर्षाला न चुकता ग्रीस झालेली जीप तेवढी एकच होती, आणि ती पुष्कळ चालली. तेव्हापासून गिऱ्हाइकाला गाडी समजावताना मी त्याचं काय चुकेल ते सांगत नाही. आधी विचारतो, घरी सणावाराला हिचं काय काय करणार आहात?